आमचे ऑपेरा हाऊस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सभेत उभे राहून बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. चिटणीसबाईंनी यादीत माझे नाव घातले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी आपली पुरणपोळ्या लाटायला बरी. मी भाषण कसले करणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "परवा भजन झाल्यावर तुम्ही सासूबाईंची आणि ऑपेरा हाऊसची गोष्ट बसून सांगितलीत ना, तीच आता उभ्याने सांगा." म्हणून मी उभी आहे. काही चुकले तर पदरात घ्या.

आपण सगळ्या गिरगावकर. दिवसातून एकदा तरी ‘ऑपेरा हाऊस’ हा शब्द आपल्या तोंडी येतो. बसमध्ये तिकीट काढताना येतो, टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना येतो, पाहुण्यांना घरची खूण सांगताना येतो. पण मी लग्न होऊन या भागात आले, त्यानंतर कितीतरी वर्षे मला ऑपेरा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. मला वाटे, कुणा साहेबाचे नाव असेल. पुढे कळले की ऑपेरा म्हणजे गाऊन करायचे नाटक. आपल्या संगीत नाटकाची ती परदेशची मावसबहीण म्हणा ना!

ही इमारत कुणी बांधली ते थोडक्यात सांगते. कलकत्त्याला नाटक कंपन्यांचा व्यवसाय करणारे मॉरिस बँडमन आणि मुंबईचे जहांगीर फ्रामजी कराका नावाचे पारशी गृहस्थ, या दोघांच्या मनात ही कल्पना आली. 1911 साली पंचम जॉर्ज बादशहा हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांच्या हस्ते उद्घाटन झाले. गंमत अशी की तोपर्यंत इमारत पुरी झालीच नव्हती! पाहुणे दारात आणि स्वयंपाक अजून चुलीवर, अशी आपली फजिती होते, तशीच त्यांची झाली असणार. खेळ 1912 साली सुरू झाले आणि उरलेले काम त्यानंतरही काही वर्षे चालू राहिले. बांधणी युरोपातल्या थाटाची. दर्शनी भागावर कोरीव पुतळे, आत वर्तुळाकार सज्जे, वर आठ भागांत रंगवलेला घुमट आणि ससून घराण्याने दिलेली मोठमोठी काचेची झुंबरे.

साहेबांचे ऑपेरे तेथे झाले. पण गिरगावच्या माणसाला जवळचे वाटावे असेही पुष्कळ झाले. बालगंधर्व तेथे गायले. मास्टर दीनानाथ तेथे गायले. 1944 साली पृथ्वीराज कपूरांनी पृथ्वी थिएटर्स ही नाटक मंडळी काढली, तिचे प्रयोग तेथे होत. खेळ संपला की ते स्वतः दारापाशी झोळी पसरून मान खाली घालून उभे राहत, आणि जाता जाता लोक त्या झोळीत आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे टाकत. एवढा मोठा नट, पण मदत मागताना त्यांना कमीपणा वाटला नाही. मंडळाची वर्गणी मागायला जाताना आपण जिन्यात घुटमळतो, तेव्हा मला हे आठवते.

मधल्या काळात बोलपट आला. नाटकांना उतरती कळा लागली आणि 1935 च्या सुमारास ऑपेरा हाऊस हे सिनेमाचे थिएटर झाले. सिनेमासाठी आतली रचना बदलली. बड्या लोकांसाठी असलेले बॉक्स काढून टाकले. 1952 साली गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतले. तेव्हापासून ते त्याच घराण्याकडे आहे.

आता माझ्या सासूबाईंची गोष्ट. त्या 1968 साली लग्न होऊन या चाळीत आल्या. त्या काळी सुनेने सिनेमाला जायचे म्हणजे आधी सासूची परवानगी. 1969 साली ऑपेरा हाऊसला ‘दो रास्ते’ लागला आणि समोर रॉक्सीला ‘आराधना’. दोन्हींत राजेश खन्ना. हा राजेश खन्ना आपल्याच ठाकुरद्वारचा मुलगा, त्यामुळे गल्लीगल्लीतल्या बायकांना तो आपला भाचा असल्यासारखाच वाटे! पण आजेसासूबाई काही ऐकेनात. शेवटी कुणीतरी त्यांना सांगितले की ‘दो रास्ते’ची कथा चंद्रकांत काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ या मराठी कादंबरीवरून घेतली आहे आणि तीत एकत्र कुटुंब कसे मोडते ते दाखवले आहे. तेव्हा त्या म्हणाल्या, "असे असेल तर मीही येते."

सासू, सून आणि दोन नणंदा अशा चौघी दुपारच्या खेळाला गेल्या. सासूबाईंनी लग्नातले हिरवे लुगडे नेसले होते. बाल्कनीत बसल्यावर त्यांनी प्रथम काय पाहिले असेल, तर पडदा नव्हे, घुमट. त्या सांगत, "मान दुखेपर्यंत मी वर बघत होते. आमच्या गावच्या देवळाचा कळस बाहेरून दिसतो. हा आतून दिसणारा कळस मी पहिल्यांदाच पाहिला." सिनेमात बिंदूने घर फोडणाऱ्या सुनेचे काम केले आहे. परत येताना आजेसासूबाई चर्नी रोडपासून घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर चहाचा कप पुढे ठेवला तेव्हा म्हणाल्या, "पाहिलेस ना? सून कशी नसावी ते कळले ना?" सासूबाई हे सांगताना पदर तोंडाला लावून हसत. पण त्या दिवसापासून दोघींचे जमू लागले, असेही त्या सांगत. घरात जी गोष्ट कुणाला बोलता येत नव्हती, ती पडद्यावर सर्वांनी एकत्र पाहिली. मग घरात त्या बिंदूचे नाव घेऊन पुष्कळ बोलता येऊ लागले. "बिंदूसारखे करू नकोस हं," एवढे म्हटले की पुरे!

भगिनींनो, थिएटर हे केवळ करमणुकीचे ठिकाण असते असे मला तरी वाटत नाही. ज्या बाईला बाजार आणि देऊळ याखेरीज घराबाहेर पडण्याचे कारण नव्हते, तिला तीन तास पाय मोकळे करून बसण्याची ती हक्काची जागा होती. तेथे तिला चहा करायचा नव्हता, कुणाला वाढायचे नव्हते.

पुढे घरोघरी दूरदर्शन आले. मग व्हिडिओ आले, केबल आली. एवढे मोठे थिएटर, त्याचे छप्पर, त्याची वीज, त्यातली नोकरमाणसे, आणि निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या. हे गणित आपल्याला समजायला कठीण नाही. चार माणसांच्या घरी वीस माणसांचे पातेले चुलीवर ठेवण्यासारखेच ते. 1993 साली ऑपेरा हाऊस बंद झाले.

मी 1999 साली या घरात आले, तेव्हा ते बंदच होते. मला ते ठाऊक आहे ते कुलूप लावलेले, काळवंडलेले, भेगांतून रोपटी उगवलेले. भाजी घेऊन परत येताना मी त्याच्याकडे पाहतही नसे. मात्र नाव काही बंद झाले नाही. लोक तेथेच उतरत, तेथेच भेटत. पंचरत्न इमारतीत हिऱ्यांचा व्यापार चाले, त्यामुळे ऑपेरा हाऊस म्हणजे हिरेबाजार, असे बाहेरगावचे लोक समजू लागले. 2011 च्या जुलैत मुंबईत तीन ठिकाणी बाँबस्फोट झाले, त्यांतला एक या भागात झाला. तेव्हा दूरच्या नातेवाइकांचे फोन आले, "तुमच्या ऑपेरा हाऊसला काय झाले?" माझ्या मुलाने मला त्यानंतर विचारले, "आई, तिथे खरेच काही हाऊस आहे का ग?" रोज शाळेला जाताना तो त्यासमोरून जात होता!

आपल्या गिरगावात अशी आणखी थिएटरे होती. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी कॉरोनेशनमध्ये लोकांना दाखवला गेला. आज कॉरोनेशन कुठे होते हे दाखवायला तेथे काही उरलेले नाही. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिकला लागला. ते मॅजेस्टिकही पाडले गेले आणि त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर उभे राहिले. आपण तेथे ब्लाउजपीस घेतो, पण कशाच्या जागेवर उभे राहून घेतो, हे किती जणींना ठाऊक आहे? बंद पडलेल्या थिएटराच्या नशिबी बहुधा हेच येते. ते पाडतात, नाही तर त्याचे दुकान किंवा गोदाम होते. ऑपेरा हाऊसचेही तसेच व्हायचे, असे सारे धरून चालले होते.

पण मालकांनी ते पाडले नाही. दुरुस्त करायचे ठरवले आणि ते काम आभा नारायण लांबा या वास्तुविशारद बाईंकडे दिले. एका बाईने हे केले, हे महिला मंडळात मुद्दाम सांगायला हवे. 2012 साली जगातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या एका नामांकित यादीत ऑपेरा हाऊसचे नाव आले आणि त्याकडे लोकांचे लक्ष गेले. आधी गळके छप्पर आणि कच्च्या झालेल्या भिंती सावरल्या. मग जुनी छायाचित्रे शोधून, रंगाचे थर एकावर एक खरवडून, मूळचा रंग कोणता ते पाहिले. जुन्या पैठणीला रफू करताना आपण पदराच्या आतला, ऊन न लागलेला धागा बघतो आणि त्याच रंगाचा धागा जुळवतो, तसलेच हे काम. रंगीत काचा पुन्हा केल्या, घुमट पुन्हा रंगवला. सिनेमासाठी काढून टाकलेले बॉक्स पुन्हा बसवले.

ऑक्टोबर 2016 मध्ये, तेवीस वर्षांनी, दार उघडले. प्रथम तेथे मुंबईच्या चित्रपट महोत्सवाचा सोहळा झाला आणि त्यापाठोपाठ पॅट्रिशिया रोझारिओ या गायिकेचे गाणे झाले. या बाई मूळच्या गोव्याच्या घराण्यातल्या, जन्म मुंबईचा, आणि नाव कमावले विलायतेत, ऑपेरा गाऊन. 2017 साली युनेस्कोने या जीर्णोद्धाराचा गौरव केला. हिंदुस्थानात उरलेले हे एकच ऑपेरा हाऊस आहे, असे सांगतात.

ही बातमी सासूबाईंनी वर्तमानपत्रात वाचली. चष्मा पुसून त्यांनी घुमटाचा फोटो दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "अग, एकदा जाऊन येऊ या का?" मी म्हटले, "बघू." भगिनींनो, आपण बायका ‘बघू’ हा शब्द फार वापरतो. माझ्या मनात होते की तेथे मोटारीतून उतरणारे लोक येणार, इंग्रजीत बोलणारे. तेथे आपले काय काम? तिकीट किती आहे हे मी विचारलेही नाही. आपल्याला परवडणार नाही असे आधीच ठरवून टाकले. दिवाळी झाली, मुलाची परीक्षा झाली, गणपती आले. दर वेळी त्या विचारीत, दर वेळी मी ‘बघू’ म्हणे. दोन वर्षे अशी गेली.

2018 साली त्या मोरीत घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, तोही उभा. त्यानंतर त्यांचे खाली उतरणे संपले. आमच्या घरापासून ऑपेरा हाऊस पायी दहा मिनिटांवर आहे. पण त्यांच्यासाठी ते काशीपेक्षाही दूर झाले.

काही महिन्यांनी माझ्या पुतण्याला तेथल्या एका संगीताच्या कार्यक्रमाचे दोन पास मिळाले. मी जाणार नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "तू जा. आणि नीट बघून ये. मला सगळे सांगायचे आहे." मग मी माझी चांगली साडी नेसून गेले. दारात कुणी मला अडवले नाही, कुणी वेगळ्या नजरेने पाहिले नाही. सगळी भीती माझ्याच मनात होती. आत गेले, खुर्चीत बसले आणि वर पाहिले. मान दुखेपर्यंत पाहिले. गाणे किती कळले ते विचारू नका. पण माझ्या शेजारी कुणीतरी बसायला हवे होते, हे मात्र सारखे कळत होते.

रात्री घरी आले तर सासूबाई जाग्या. एकेक प्रश्न सुरू झाला. घुमट तसाच आहे का? आहे. झुंबरे? आहेत. बाल्कनी? आहे. "आणि पडदा? पडदा केवढा आहे?" मी म्हटले, "आई, आता तिथे रंगमंच आहे. पूर्वी, अगदी सुरुवातीला जसे होते, तसे केले आहे म्हणतात." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या आधीचे परत आणले. चांगले केले. पण आमचे कुठे गेले?"

भगिनींनो, हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी कुणाला दोष देत नाही. जुनी वास्तू सावरायची म्हणजे तिचे कुठले तरी एक रूप निवडावे लागते, आणि त्यांनी मूळचे, सर्वांत देखणे रूप निवडले. नाहीतर आज तेथे काचेचे दुकान दिसले असते. बादशहा आले होते हे पुस्तकात लिहिलेले आहे. बालगंधर्व, पृथ्वीराज यांची नावे लिहिलेली आहेत. पण पन्नासएक वर्षे ते थिएटर चालले ते कुणाच्या जिवावर? तिकिटासाठी महिन्याच्या खर्चातून पैसे बाजूला ठेवणाऱ्या बायकांच्या, गिरणीतून आणि पेढीवरून थेट रांगेत उभ्या राहिलेल्या पुरुषांच्या, शाळा चुकवून आलेल्या पोरांच्या. हिरवे लुगडे नेसून गेलेली सून आणि चहापर्यंत गप्प राहिलेली सासू कुठल्या पुस्तकात आहेत? रंगाचे थर खरवडले तर जुना रंग सापडतो, पण ही माणसे भिंतीत सापडत नाहीत. ती फक्त आपल्या घरांत आहेत, आणि तीही आता थोडीच उरली आहेत.

आणि घरे तरी किती राहणार? आपल्या चाळी एकेक करून पडत आहेत. कुणी विरारला गेले, कुणी बदलापूरला, कुणी डोंबिवलीला. या मंडळाच्या जुन्या फोटोत ज्या भगिनी आहेत, त्यांतल्या निम्म्या आज गिरगावात राहत नाहीत. इमारत वाचली, याचा आनंद आहेच. पण तिच्याकडे पाहून "आमचे ऑपेरा हाऊस" म्हणणारे कुणी जवळपास उरले नाही, तर ती नुसती एक सुंदर इमारत राहील.

सासूबाई 2021 साली गेल्या. त्यांना मी तेथे नेले नाही, ही चुटपुट मला आहे आणि राहील. ती भरून निघणार नाही. पण दुसऱ्या कुणाला तसे होऊ नये म्हणून दोन गोष्टी सुचवते आणि संपवते.

पहिली गोष्ट. आपण दर वर्षी सहल काढतो. अष्टविनायक झाले, महाबळेश्वर झाले. यंदा एक दिवस आपल्याच ऑपेरा हाऊसला जाऊ या. तेथे संगीताचे, नाटकांचे कार्यक्रम होतात. दर कार्यक्रमागणिक निराळे असतात. आधी चौकशी करू, परवडेल असा कार्यक्रम निवडू, भिशीतून थोडे थोडे बाजूला काढू. आपल्या मंडळात सत्तरीच्या पुढच्या भगिनी आहेत, त्यांना आधी नेऊ. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्यासाठी खुर्ची आणि चार तरुण मुलगे मिळवायची जबाबदारी मी घेते. माझा मुलगा धरून तीन मुले आताच तयार आहेत.

दुसरी गोष्ट. मी दोनशे पानांची एक वही आणली आहे. पहिल्या चार पानांवर सासूबाईंची ही गोष्ट माझ्या अक्षरात लिहिली आहे. अक्षर बरे नाही, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही असतील. पण खोटे काही लिहिलेले नाही. बाकीची पाने कोरी आहेत. ऑपेरा हाऊस असो, मॅजेस्टिक असो, सेंट्रल असो, तुम्ही कुणाबरोबर गेलात, काय नेसून गेलात, मध्यंतरात काय खाल्ले, घरी येऊन कुणाची बोलणी खाल्ली, ते सारे त्यात लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, मी लिहून घेईन. वही मंडळाच्या कपाटात हळदीकुंकवाच्या ताटांशेजारी राहील.

आजची सभा संपल्यावर ही वही मी दाराजवळच्या टेबलावर ठेवते. पेनही ठेवते. आणि कुणी कृपा करून "बघू" म्हणू नका.